आत शुद्ध कापूस, दुसरं काही नाही

रजईवाल्याला शांत माणूस म्हणणारे सगळे लोक उन्हाळ्यात त्याच्या दुकानावरून गेलेले असणार. उन्हाळ्यात कोण शांत नसतो हो? रजई घ्यायला चिटपाखरूही येत नाही, माणूस स्टुलावर बसून जांभया देतो आणि लोकांना वाटतं, काय समाधानी गृहस्थ आहे! त्याला बघायचं तर पानगळीच्या दिवसांत बघा. रस्त्यावर पहिली चार पिवळी पानं पडली आणि सकाळी नळाचं पाणी हाताला झोंबायला लागलं, की अख्ख्या गल्लीला एकाच दिवशी आठवतं, अरेच्चा, आपली रजई फाटलीय. मग हा माणूस केसांत कापूस, भुवयांवर कापूस, मिशीत कापूस घेऊन दिवसभर एका पायावर नाचत असतो. गार वारं सोसत नाही म्हणून कानांतसुद्धा कापसाचे बोळे. तो कोणाचं ऐकत नाही अशी त्याच्या बायकोची कायमची तक्रार होती. त्या दोन महिन्यांत तरी तिच्या तक्रारीला पुरावा होता.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एका कोपऱ्यात शिवणयंत्र, मधे मोठी चटई, आणि भिंतीला टेकून पिंजलेल्या कापसाचा ढीग, छातीइतका उंच. बायको पोस्टात खिडकीवर बसायची. सकाळी साडेनऊला ती गेली की घर, दुकान आणि दोन मुलं रजईवाल्याच्या गळ्यात. थोरली सात वर्षांची. तिला जगातलं सगळं ठाऊक होतं आणि जे ठाऊक नव्हतं ते ती जास्तच ठासून सांगायची, म्हणून बाप तिला बाईसाहेब म्हणायचा. धाकटा चार वर्षांचा, गोलमटोल आणि पांढराफेक, म्हणून त्याचं नाव पडलं बोंड. कापसाचं बोंड. खरं नाव शाळेच्या रजिस्टरात होतं, तिथेच राहिलं बिचारं.

आता या घराची एक खोड सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच झाला. या घरात कुठलीही वस्तू जपून ठेवायची म्हटली की ती कापसात जायची. कपाट होतं, नाही असं नाही. पण रजईवाल्याचा कपाटावर विश्वास नव्हता. चष्मा कापसात, किल्ली कापसात, मुलांपासून लपवलेली बिस्किटं कापसात. एकदा गॅसवाल्याची पावती महिनाभर मिळेना, ती कापसात. बायकोने दोन अंडी आणून ओट्यावर ठेवली, तर हा म्हणे फुटतील, आणि ठेवली कापसात. त्या अंड्यांचं पुढे काय झालं हे मी सांगणार नाही, तुम्ही कदाचित जेवत वाचत असाल. सांगायचा मुद्दा, घरात कोणीही विचारलं “हे कुठे ठेवू?” की मान वर न करता उत्तर यायचं, “कापसात ठेव.”

त्या वर्षी पानगळीला मुलांच्या अंगात पानांचं वेड शिरलं. शाळेतून घरापर्यंतचा रस्ता पंधरा मिनिटांचा, त्याला पाऊण तास लागायला लागला. येताना खिशात पानं, डब्यात पानं, बोंडाच्या चड्डीतसुद्धा पानं. लाल, तांबडी, पिवळी, अर्धी हिरवी, एक तर जांभळट. घरात आलं की ती पानं पलंगावर ओळीने मांडून त्यांची शाळा भरायची. बाईसाहेब हजेरी घ्यायच्या आणि बोंड कोपऱ्यात अंगठे धरून उभा, कारण शिक्षा करायला कोणीतरी लागतंच. संध्याकाळी आई पोस्टातून आली की केरसुणी उचलायची आणि अख्खी शाळा कचऱ्याच्या डब्यात.

“आई, तो पहिला नंबर होता!” बाईसाहेब किंचाळायच्या.

“पहिल्या नंबरावर मुंगळे होते,” आई म्हणायची, आणि विषय संपायचा.

आणि नेमक्या त्याच दिवसांत रजईवाल्याच्या आयुष्याचा प्रश्न उभा राहिला. अतिशयोक्ती करत नाही. गेली तीन वर्षं धंदा उतरत होता. लोक मोठ्या दुकानात जायचे, प्लास्टिकच्या पिशवीत दाबून बसवलेली तयार रजई घेऊन यायचे. रजईवाल्याच्या मेहुण्याचं फोमच्या गाद्यांचं शोरूम होतं. तो दर रविवारी यायचा आणि म्हणायचा, “भाऊजी, सोडा हे. माझ्याकडे या. एसी आहे, खुर्ची आहे.” एकदा तर तो टाय घेऊनच आला. रजईवाल्याने आरशासमोर टाय बांधून बघितला. बोंड त्याला बघून रडायला लागला. बाईसाहेब म्हणाल्या, “बाबा, तू आजारी दिसतोस.” रजईवाल्याला स्वतःलाही तसंच वाटलं होतं. वीस वर्षं तो चटईवर मांडी घालून बसला होता, हाताखाली कापूस नसला की त्याला करमायचं नाही. पण घर चालायला हवं होतं, आणि हा हंगाम पडेल गेला तर टाय बांधायचा, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं.

तेवढ्यात गावाबाहेरच्या वृद्धाश्रमाच्या मेट्रनबाई दुकानात आल्या. उंच, ताठ, पांढरीशुभ्र साडी, आणि आवाज असा की दुकानातला कापूससुद्धा सावरून बसला.

“पंधरा रजया हव्यात,” बाई म्हणाल्या. “मागच्या वर्षी तयार घेतल्या, आत चिंध्या निघाल्या. एकीत तर कोणाचा तरी बनियन होता. तुमच्या रजईत काय असतं?”

“कापूस,” रजईवाला म्हणाला.

“आणखी?”

“आणखी काय असणार? कापूस.”

“लिहून द्या.”

आता आली का पंचाईत! पण रजईवाल्याला या बाबतीत अभिमान फार. त्याने कागद घेतला आणि लिहिलं: आत शुद्ध कापूस, दुसरं काही नाही. खाली सही ठोकली. बाईंनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

“ज्या दिवशी द्याल त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मी त्यातली कुठलीही एक रजई स्वतः उसवून बघणार. तुम्ही म्हणता तसं निघालं तर आश्रमाच्या सगळ्या गाद्या, उशा, रजया, दरवर्षी तुमच्याकडे. नाही निघालं तर नमस्कार.”

मग काय विचारता! रजईवाला पेटला. आठ दिवस त्याने जेवणसुद्धा चटईवरच केलं. खोळ तीन बाजूंनी शिवायची, चौथ्या बाजूने कापूस भरायचा, काठीने थोपटून सारखा करायचा, मग तोंड शिवून वरून दाभणाने लांब लांब टाके. एकही गाठ नाही, एकही काडी नाही. चौदा रजया झाल्या. पंधरावी भरून, थोपटून, तोंड उघडं ठेवून बाजूला पडली होती, कारण दोरा संपला होता आणि रजईवाला स्टुलावर चढून फळीवर नवं रीळ शोधत होता.

त्या वेळी बाईसाहेब पानांची पिशवी छातीशी धरून मागे येऊन उभ्या राहिल्या. आई यायला दहा मिनिटं होती.

“बाबा, हे कुठे ठेवू? आई टाकून देईल.”

“कापसात ठेव,” बोळ्यांतून ‘कुठे ठेवू’ एवढंच ऐकून रजईवाला फळीला म्हणाला.

बाईसाहेब हुशार. भिंतीजवळच्या ढिगात आईचा हात रोज जातो हे त्यांना माहीत होतं. जिथे आईचा हात जाणार नाही असा कापूस समोरच होता. त्यांनी खांद्यापर्यंत हात घालून पानं पंधराव्या रजईच्या पोटात पोचवली. बोंडाने हे पाहिलं. त्याचं एक रबरी बदक होतं, दाबलं की ओरडणारं. त्यालाही थंडी वाजत असणार असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने पायातला मोजा काढला, बदक मोज्यात घातलं आणि तेही आत, पार मधोमध. पानांना सोबत. वर कापूस नीट दाबून दोघं हात झटकून बाजूला झाली.

रजईवाला स्टुलावरून उतरला, तोंड शिवलं, टाके घातले. रजई कुरकुरत होती का? होती की! पण कानांत बोळे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंधरा रजया हातगाडीवर लादून तो स्वतः आश्रमात पोचवून आला. येताना शीळ घालत होता. मिशीत कापूस असल्यामुळे ती नीट वाजत नव्हती, पण आनंद कळत होता. वाटेत शाळेतून मुलं घेतली. घरी येऊन चहा टाकला. एवढ्यात बाईसाहेब चटईवर इकडून तिकडे दोनदा फिरल्या.

“बाबा, कालची रजई कुठाय? उद्या शाळेत पानं न्यायचीत. सात. वेगवेगळ्या रंगांची.”

“कुठली रजई?” रजईवाल्याने बोळे काढले.

“जिच्यात मी पानं ठेवली ती.”

चहा उतू गेला. कोणी बघितलं नाही.

“आणि माझं बदक,” बोंड म्हणाला.

“बदक?”

“मोज्यात.”

रजईवाल्याला लेकीवर ओरडायचं होतं, तोंड उघडलंही होतं, पण ती शांतपणे म्हणाली, “तूच म्हणालास, कापसात ठेव.” घड्याळात चार वाजायला दहा मिनिटं होती. पंधरांत एक. म्हणजे चौदा वेळा वाचण्याची संधी होती, पण रजईवाल्याला त्या एकीचंच टोक दिसत होतं, आणि त्या टोकाला टाय लोंबत होता. त्याने मुलं सायकलवर घातली, एक पुढे एक मागे, आणि सुटला. बोंड पुढच्या दांड्यावर बसून रस्ताभर भोंगा लावून होता, “माझं बदक! माझं बदक!” लोक वाट सोडत होते. त्या भोंग्याचा तेवढा उपयोग झाला.

आश्रमात पोचला तेव्हा साडेचार. मेट्रनबाई ऑफिसात. लांबलचक हॉल, दोन्ही बाजूंना पलंग आणि पंधराच्या पंधरा रजया अंगावर घेऊन म्हातारी मंडळी लवंडलेली. नवी वस्तू मिळाल्यावर पाच वाजेपर्यंत थांबायला ती काय लहान होती?

“टाके तपासायला आलोय,” रजईवाला पहिल्या पलंगापाशी जाऊन म्हणाला, आणि त्याने रजई हलकेच दाबली. खाली एक टक्कल पडलेले आजोबा होते.

“इथे नाही दुखत,” आजोबा म्हणाले. “खाली. गुडघा.”

“नाही हो, मी डॉक्टर नाही.”

“आ करू?” आजोबांनी आ केलं. कमी ऐकू यायचं त्यांना.

रजईवाल्याने आत बघितलं. काय करणार, बघावं लागलं. “छान आहे,” तो म्हणाला. झालं! शेजारच्या पलंगावरच्या आजींनीही जीभ काढली, त्यापुढच्यांनी बाही वर करून दंड पुढे केला, आणि नवा डॉक्टर आलाय ही बातमी हॉलभर पसरली. रजईवाला एकेकाची जीभ बघत, एकेकाची रजई दाबत पुढे सरकत होता. बाईसाहेब त्याच्या मागे हात पाठीशी बांधून चालत होत्या आणि प्रत्येकाला “रोज फळं खायची” असं बजावत होत्या. बोंड पलंगाखालून रांगत होता आणि प्रत्येक पलंगाखाली थांबून हाक मारत होता, “बदका!” सात झाल्या, दहा झाल्या, चौदा झाल्या. आवाज नाही.

पंधरावा पलंग खिडकीपाशी. त्यावर एक बारकुळ्या आजी बसल्या होत्या. रजईवाल्याने रजईवर हात ठेवला. कुर्र.

“हात काढ,” आजी म्हणाल्या.

“आजी, ही रजई बिघडलीय. मी दुसरी देतो.”

“बिघडली असेल तुझी. माझी चांगली आहे. कूस बदलली की बोलते.” त्या मुद्दाम हलल्या. कुर्र, कुर्र. “गेली तीन वर्षं या पलंगावर मी एकटीच बोलते आहे. आज पहिल्यांदा कोणीतरी उत्तर दिलं. तू कशाला नेतोस?”

रजईवाल्याने हात जोडले. हळू आवाजात सगळं सांगून टाकलं, पानं, बदक, मोजा, कागदावरची सही. टायचंही सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं. तेवढ्यात हॉलच्या दारात चपला वाजल्या. पाच. मेट्रनबाई हातात कात्री घेऊन आल्या होत्या.

“अरे वा, तुम्हीही आलात? बरं झालं, समोरच होऊ दे.” बाई पलंगांमधून चालायला लागल्या. बाईसाहेबांनी प्रसंग ओळखून बोंडाचं तोंड हाताने दाबून धरलं. बाई चालत चालत शेवटापर्यंत आल्या, चष्मा काढून पुसावा म्हणून आजींच्या पलंगाच्या काठावर, तिथे गोळा झालेल्या रजईवर टेकल्या.

प्याँऽऽक!

अख्ख्या हॉलने माना वळवल्या.

“माझा हो,” आजी म्हणाल्या. “वय झालं. राहत नाही.”

मेट्रनबाई लाल झाल्या. कुलीन बाई, अशा वेळी काय बोलायचं असतं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्या घाईने उठायला गेल्या आणि हात टेकला तो नेमका तिथेच.

प्याँक!

“परत माझाच,” आजी म्हणाल्या. “दुपारी काय वाढलंत ते स्वयंपाकघरात विचारा जरा.”

पहिल्या पलंगावरचे टक्कलवाले आजोबा, ज्यांना एरवी तोफ ऐकू येत नाही, ते पलंगावर उठून बसले आणि म्हणाले, “शाब्बास!”

मेट्रनबाई तरातरा लांब गेल्या, समोरची पहिली हाताला लागेल ती रजई ओढली आणि कात्रीने टाके उसवले. आत पांढराशुभ्र कापूस. त्यांनी पसा भरून घेतला, उजेडात धरला, नाकाशी नेला. काडी नाही, गाठ नाही.

“बोलल्यासारखे निघालात,” त्या म्हणाल्या, आणि पर्समधून ऑर्डरचा कागद काढून त्यांनी तो रजईवाल्याच्या हातात ठेवला. रजईवाल्याचा जीव भांड्यात पडला. हातात वर्षाचं काम होतं. घरी जाऊन टायचं पोतेरं करायचं, असं त्याच्या मनात आलंसुद्धा.

आणि बोंडाने बहिणीला चावा घेतला.

“आईगं!” बाईसाहेबांचा हात सुटला.

“तो आवाज आजींचा नाहीये!” बोंड टिपेला जाऊन ओरडला. “माझं बदक आहे! रजईत आहे! त्याला माझ्या घरी यायचंय!”

मेट्रनबाईंनी मान वळवली. अजूनही निभावलं असतं बरं का. पोर चार वर्षांचं आहे, काहीही बरळतं, एवढं म्हटलं असतं तर चालून गेलं असतं. बाईंना तर आजींच्या पलंगाकडे परत जायचंच नव्हतं. पण रजईवाल्याने हातातल्या कागदाकडे बघितलं, मग बाईंच्या पर्सकडे बघितलं, जिच्यात त्याची सही होती. त्याला रडू येत होतं. त्याने ऑर्डरचा कागद पलंगावर परत ठेवला.

“पोरगा खरं बोलतोय,” तो म्हणाला. “हिच्यात कापसाशिवाय दुसरं आहे. उसवा.”

उसवली. आधी पानं निघाली, निघतच राहिली. मग मोज्यातलं बदक. मग चार दिवस हरवलेला रजईवाल्याचा स्वतःचा चष्मा, जो मुलांनी ठेवला नव्हता. मेट्रनबाई पानांच्या ढिगाकडे बघत राहिल्या, मग आजींकडे वळल्या.

“म्हणजे तुम्ही माझ्याशी धडधडीत खोटं बोललात?”

“मग?” आजी म्हणाल्या. “तुम्ही नाही का रोज सांगत, जेवण गरम आहे म्हणून?”

हॉलमध्ये जो हशा पिकला तो बाहेर रस्त्यावर ऐकू गेला म्हणतात. मेट्रनबाई हसल्या नाहीत. त्यांनी ऑर्डरचा कागद उचलला, घडी केली, पर्समध्ये टाकला आणि “कळवते” म्हणून निघून गेल्या. बोंडाला बदक मिळालं, बाईसाहेबांनी सात पानं मोजून घेतली. बाकीची पानं आजींनी जाऊ दिली नाहीत. रजईवाल्याने तिथेच बसून ती परत आत घातली आणि रजई शिवून दिली.

त्यानंतर आठ दिवस काही कळलं नाही. झाडं निम्मी उघडी झाली, वारं सुटलं, बोंडाला सर्दी झाली, मग बाईसाहेबांना झाली, मग घरातल्या सगळ्यांना आलटूनपालटून झाली. रजईवाल्याने मुलांना एक शब्द बोलून दाखवला नाही. बायकोने मात्र दोन दिवस अबोला धरला, नवऱ्याशी नाही, कापसाच्या ढिगाशी. येता-जाता त्याच्याकडे असं बघायची की बस्स. मग तिने कपाटाचा एक कप्पा रिकामा केला आणि त्यावर चिठ्ठी लावली: पानं. “आता तरी कपाटात ठेवा,” ती म्हणाली आणि वळून डोळे पुसले. रविवारी मेहुणा येणार होता. शनिवारी रजईवाल्याने टायला इस्त्री केली. इस्त्री करताना टाय थोडा जळला. तो म्हणतो चुकून.

आणि शनिवारीच, दिवेलागणीच्या आधी, मेट्रनबाई दुकानात आल्या. आल्या त्या रागातच.

“तुम्ही माझा आश्रम बिघडवलात,” त्या म्हणाल्या. “आठ दिवस झाले, चौदा माणसं माझ्या डोक्यावर बसलीत. म्हणतात, तिच्याच रजईत का? आमच्या रजया रिकाम्या का? काल तिघांनी जेवायला नकार दिला. ह्या वयात!”

त्यांनी एक लांबलचक यादी चटईवर आपटली. बाईसाहेबांनी ती खणखणीत वाचायला घेतली. कोणाला घुंगरू हवं होतं, कोणाला शंख, कोणाला नातवाच्या पत्राचा कागद, कारण तो चुरचुरतो. टक्कलवाल्या आजोबांना शिट्टी हवी होती. एकांनी स्वतःचा किल्ल्यांचा जुडगाच पाठवला होता. घर विकून सहा वर्षं झाली होती, पण किल्ल्या त्यांनी दिल्या नव्हत्या. त्या मात्र पायाशी घालायच्या, रुतणार नाहीत अशा बेताने.

“हे फोमच्या दुकानात करून देतील का?” रजईवाल्याने विचारलं. त्याला खरंच विचारायचं होतं.

“विचारून आले. हसले मला.” बाईंनी पर्समधून दोन कागद काढले. एक ऑर्डरचा, तो त्याच्या हातात ठेवला. दुसरा त्याच्या सहीचा, तो टराटरा फाडला. “चौदा रजया उसवून परत भरायच्या. आणि गाद्या, उशा ठरल्याप्रमाणे. दरवर्षी.”

रजईवाल्याने नाक शिंकरलं. सर्दी होतीच घरात. मग त्याने तो अर्धवट जळलेला टाय उचलला आणि शिवणयंत्राचं चाक पुसायला घेतला.

मेट्रनबाई मात्र गेल्या नाहीत. दाराशी गेल्या, परत आल्या. मग रिक्षातून त्यांनी एक जुनी रजई आणवली. एका माणसापुरती, कडा विरलेली, नीट घडी केलेली. ती त्यांनी चटईवर ठेवली आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, “ही माझी. हिच्यातही काहीतरी घाला. काय ते मला सांगू नका.”

रजईवाल्याच्या आधी बोंड पुढे झाला. बापाला गिऱ्हाइकाशी बोलताना त्याने रोज बघितलं होतं. त्याने मांडी घातली, रजईवर हात फिरवला, दोनदा थोपटून पाहिली आणि विचारलं, “आवाज करणारं हवं, की न करणारं?”

मेट्रनबाई चप्पल काढून त्याच्यासमोर चटईवर बसल्या.

“करणारं,” त्या म्हणाल्या.